नवऱ्याने का मारलं? – हेतूच्या चर्चा आणि तपासाचं गणित

तळटीप (धागाकर्ता)

तरुण विवाहितेचा घरात मृत्यू झाला की दोन दिवसांत चार हेतू बाजारात येतात: हुंडा, बाहेरची बाई, संशय आणि विमा. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापला हेतू निवडलेला असतो. मग पीएम (शवविच्छेदनाचा) रिपोर्ट येतो तो वाचायला नव्हे, आपल्या हेतूला जुळवून घ्यायला.

सध्याच्या कुठल्याही प्रकरणाचं, त्यातल्या माणसांचं किंवा गावाचं नाव इथे घेऊ नये. निकाल लागलेल्या, कायद्याच्या पुस्तकात गेलेल्या खटल्यांबद्दल जरूर लिहा.

माझं म्हणणं आधी मांडतो. हेतूपासून सुरुवात केली तर कुठलाही नवरा दोषी दिसतो. कुणाही जोडप्याचे दोन वर्षांचे मेसेज काढा. पैशांची कुरबुर, माहेरचे टोमणे, रागाच्या भरातलं एखादं ‘तोंड दाखवू नकोस’ सापडणारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधल्या खुनाच्या व्याख्येत हेतू (म्हणजे ‘का मारलं’, मारायचा इरादा नव्हे) हा सिद्ध करायचा घटकच नाही. डोळ्यांनी पाहणारा विश्वासू साक्षीदार असेल तर हेतूला फारसं कुणी विचारत नाही. सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर असेल तेव्हा हेतूची एक कडी होते, पण तिच्या जोरावर बाकीच्या निखळलेल्या कड्या भरून निघत नाहीत.

त्यामुळे विचारायचा क्रम असा: मृत्यू कशाने झाला, साधारण कधी झाला, तेव्हा घरात कोण होतं, आणि नवऱ्याने सगळ्यात पहिल्यांदा, वकील भेटायच्या आधी, शेजाऱ्याला किंवा डॉक्टरला काय सांगितलं. ‘का’ त्यानंतर.

काळाकोट

क्रम पटला. फक्त त्यात लग्नाची तारीख वरती घ्या. लग्नाला सात वर्षं पूर्ण झालीत की नाहीत यावर अर्धा खटला फिरतो.

सात वर्षांच्या आतला अनैसर्गिक मृत्यू आणि मृत्यूपूर्वी नजीकच्या काळात हुंड्यासाठी छळ, या दोन गोष्टी सिद्ध झाल्या की न्याय संहितेचं कलम ८० (जुन्या दंड संहितेतलं ३०४-ब) लागतं. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नवा पुरावा कायदा) कलम ११८ (जुनं ११३-ब) प्रमाणे न्यायालय मग हुंडाबळी गृहीत धरतं आणि खोडून काढायचं ओझं आरोपीवर जातं. इथे ‘त्याने स्वतःच्या हाताने मारलं’ हे दाखवावं लागत नाही. खुनात (कलम १०३, जुनं ३०२) मात्र कृत्य त्याचंच आहे हे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं.

माध्यमांत ‘हुंड्यासाठी खून’ असा एकच शब्दप्रयोग होतो आणि ही दोन वेगळी प्रकरणं एकात मिसळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजबीर खटल्यात सांगितलं होतं की हुंडाबळीच्या आरोपाबरोबर खुनाचाही आरोप सहसा ठेवावा. २०१३ मध्ये जसविंदर सैनी खटल्यात खुलासा केला की हे डोळे झाकून करायचं नाही, खुनाचा काही पुरावा हवा.

खरी लढाई होते ती ‘नजीकच्या काळात’ या शब्दांवर. कायद्यात दिवस मोजून दिलेले नाहीत. छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत धागा दिसला पाहिजे. चार वर्षांपूर्वी गाडी मागितली होती आणि मध्ये सगळं शांत होतं, तर हुंडाबळीचा आरोप तिथेच लंगडा पडतो.

पंचनामेवाला

बहुतेक प्रकरणं बिघडतात ती पहिल्या सहा तासांत, आणि बिघडवणारे दरवेळी आरोपीच असतात असंही नाही.

ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, म्हणजे एडी. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर मृतदेह शवविच्छेदनाला पाठवणं बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९४), आणि मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने करायची असते (कलम १९६), म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. लग्नाला किती वर्षं झाली हे कुणी विचारलंच नाही, मग पंचनामा नेहमीच्या पद्धतीने हवालदाराने उरकला, आणि बचाव पक्षाला पहिला मुद्दा आयता मिळाला, असं होतं.

गळफास असेल तर मृतदेह खाली घेताना गाठ सोडायची नाही. दोर गाठीपासून लांब कापायचा, कापलेली दोन्ही टोकं दोऱ्याने एकमेकांना बांधून ठेवायची, म्हणजे कुठला काप आपला हे नंतर कळतं. गाठ कशी मारली आहे, उजव्या हाताची की डाव्या, सरकती की पक्की, हे त्या गाठीतच असतं. घरचे लोक मात्र जीव वाचवायच्या धडपडीत गाठ सोडतात, ओढणी बाजूला फेकतात. ते स्वाभाविक आहे, पण पोलिसांनी ‘गाठ कुणी सोडली, ओढणी तेव्हा कुठे होती’ हे त्याच दिवशी लिहून घेतलं पाहिजे. छतापासून जमिनीपर्यंतची उंची, पायाखाली काय होतं, ते आडवं पडलं की उभंच होतं, पंख्याच्या पात्यांवरची धूळ कुठे पुसली गेली, हेही मोजून लिहायचं. पंचनाम्यात ‘पंख्याला लटकलेली आढळली’ एवढं एकच वाक्य असेल तर पुढे तज्ज्ञाला विचारून काय उपयोग?

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं. याने निदान ‘पंच ठाण्यात बसूनच सही करून गेले’ हा जुना आक्षेप थोडा कमी होईल.

हायॉइड

मी फक्त गळ्याबद्दल आणि वेळेबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त भाकडकथा याच दोन ठिकाणी असतात.

‘हायॉइड हाड मोडलेलं नाही, म्हणजे गळा दाबलेला नाही’ हे वाक्य दरवेळी फिरतं. हनुवटीखालचं हे नालाच्या आकाराचं हाड पाच तुकड्यांचं असतं, आणि त्याचे सांधे साधारण चाळिशीपर्यंत पूर्ण जुळलेले नसतात. पंचविशीतल्या बाईचं हाड दबतं, वाकतं आणि परत जागेवर येतं. त्यामुळे तरुण विवाहितेत हाड शाबूत असणं याचा काहीच अर्थ निघत नाही. गळ्याच्या स्नायूंतला रक्तस्राव, थायरॉइड कूर्चेची वरची शिंगं, पापण्यांच्या आतले टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हनुवटीखालचे नखांचे चंद्रकोरीसारखे ओरखडे, हे पाहायचं असतं.

गळफासाचा वळ सहसा तिरका, वर कानाकडे जाणारा आणि गाठीपाशी तुटलेला असतो. गळा आवळल्याचा वळ आडवा, पूर्ण गोल आणि खालच्या बाजूला. पाठ्यपुस्तकात हे स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात अर्धवट बसलेल्या अवस्थेतल्या गळफासाचा वळसुद्धा जवळजवळ आडवा येऊ शकतो. आणि मारून लगेच लटकवलं तर मेलेल्या त्वचेवरही फासाचा वळ उमटतो. म्हणून वळाखालचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचे असतात. नुसत्या फोटोवरून मत देणाऱ्या ‘तज्ज्ञां’पासून सावध.

एक तांत्रिक चूक वारंवार होते. गळा शेवटी उघडायचा असतो. आधी कवटी आणि छाती उघडून गळ्यातलं रक्त निथळू द्यायचं, मग थराथराने गळा. घाईत गळा आधी उघडला तर अन्ननलिकेमागे रक्त साचतं आणि ते जखमेसारखं दिसतं. एकाला ते गळा दाबल्याची खूण वाटते, दुसरा ते शवविच्छेदनातली चूक म्हणतो, आणि दोघांपैकी कुणाचंच म्हणणं नंतर तपासता येत नाही.

वेळ: ‘रात्री २ वाजून १० मिनिटांनी मृत्यू’ असं कुठलाही डॉक्टर प्रेतावरून सांगू शकत नाही. ताठरता, रक्त साकळण्याचे डाग, शरीराचं तापमान यावरून तासांचा एक पट्टा मिळतो, आणि उकाड्यात तो आणखी रुंद होतो. पोटातल्या अन्नावरून वेळ काढणं तर फारच ढोबळ, कारण भीती आणि ताण असला की पचन मंदावतं.

अनघड

व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला म्हणजे विषप्रयोगाचा संशय आहे असं समजायचं का? बातम्यांत तसंच लिहितात.

हायॉइड

नाही. मृत्यूचं कारण उघड नसेल किंवा विष नाकारायचं असेल तरी राखतात. जठर आतल्या ऐवजासकट, लहान आतड्याचा साधारण ३० सेंटिमीटर तुकडा, यकृताचा साधारण ५०० ग्रॅमचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग, आणि रक्त. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात, बरणी दोन तृतीयांशापेक्षा जास्त न भरता. रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत. शिवाय वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचा एक कोरा नमुना वेगळा पाठवायचा, म्हणजे विष द्रावणातूनच आलं असं म्हणायला जागा राहत नाही. कुणी सवयीने फॉर्मलीन ओतलं की रासायनिक तपासणीचा बोजवारा. फॉर्मलीन सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्यांसाठी असतं.

रात्रपाळी

बातमीत हेतू कसा शिरतो त्याची पद्धत सांगतो. आरोपीला पोलीस कोठडीसाठी हजर करताना रिमांड अर्जात कारणांची यादी असते: हत्यार जप्त करायचं आहे, कपडे जप्त करायचे आहेत, साथीदार आहेत का ते पाहायचं आहे, ‘गुन्ह्यामागील हेतू निष्पन्न करायचा आहे’. हे शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, जवळपास प्रत्येक अर्जात. संध्याकाळी त्याची बातमी होते, ‘खुनामागचा हेतू गूढच’. दुसऱ्या दिवशी ‘सूत्रांनुसार अनैतिक संबंधांचा संशय’. सूत्र म्हणजे बहुतेकदा ठाण्याच्या बाहेर चहा पिणारा कुणीतरी. चौथ्या दिवशी त्याच बातमीचा हवाला देऊन दुसरीकडे छापून येतं आणि तो हेतू पक्का होतो.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नीलेश नवलखा प्रकरणात माध्यमांनी काय टाळावं ते सांगितलं आहे. मृत व्यक्तीच्या चारित्र्यावर शिंतोडे, घटनेचं नाट्यरूपांतर, साक्षीदारांच्या मुलाखती, पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा म्हणून दाखवणं. यातल्या चारही गोष्टी दर आठवड्याला कुठे ना कुठे चालू असतात.

अनघड

पण घरात दोघंच होते, दार आतून बंद, सकाळी ती मेलेली. मग नवऱ्याशिवाय कोण? यात अंदाज कसला?

काळाकोट

चांगला प्रश्न. साक्ष्य अधिनियमाचं कलम १०९ (जुनं १०६) बरोबर इथे येतं: जी गोष्ट खास एखाद्यालाच माहीत आहे ती त्याने सांगायची.

यावर महाराष्ट्रातलाच त्रिमुख मारोती किरकन खटला (सर्वोच्च न्यायालय, २००६) वाचावा. नवऱ्याचं म्हणणं, बायको साप चावून गेली. शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. न्यायालय म्हणालं, घराच्या चार भिंतींत झालेल्या गुन्ह्यात सरकार पक्षाकडून अशक्य कोटीतला पुरावा मागता येणार नाही. आत असलेल्याने पटणारा खुलासा द्यायचा, आणि खोटा खुलासा दिला तर तो साखळीतली आणखी एक कडी होतो. शिक्षा कायम झाली.

पण या कलमाचा उपयोग जादूच्या कांडीसारखा होत नाही. सरकार पक्षाने आधी पायाभूत गोष्टी सिद्ध करायच्या: मृत्यू खुनी स्वरूपाचा आहे, आणि नवरा त्या वेळी घरातच होता. १९५६ च्या शंभूनाथ मेहरा निकालापासून हे ठरलेलं आहे. रात्रपाळीला गेलेला, पहाटे परतलेला नवरा असेल तर आधी त्याची हजेरी, मग खुलासा. ‘दार आतून बंद’ हेसुद्धा कुणी पाहिलं? दार तोडणाऱ्याने की दार तोडल्याचं ऐकणाऱ्याने?

तळटीप

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही असू द्या: शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. पुण्यातली १९८२ ची घटना, नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. वैवाहिक जीवन बिनसलं होतं याला तिची पत्रं साक्षीला होती. म्हणजे चर्चेत लोक ज्याला हेतू म्हणतात ते सामान तिथे भरपूर होतं. पण त्याच पत्रांमधून आत्महत्येची शक्यताही पुढे येत होती आणि ती संपूर्ण नाकारता आली नाही.

विषाच्या खटल्यात चार गोष्टी लागतात हे त्याच निकालात आहे: स्पष्ट हेतू, मृत्यू त्याच विषाने झाल्याचं सिद्ध होणं, विष आरोपीच्या ताब्यात असणं, आणि देण्याची संधी. नवऱ्याकडे संधी नेहमीच असते, हेतू शोधला की सापडतो. खटले अडतात ते तिसऱ्या गोष्टीवर. बाटली कुठून आणली, कुणी विकली, हे कुणी शोधतच नाही.

हप्ताबंद

‘विम्यासाठी मारलं’ आणि ‘मालमत्तेसाठी मारलं’ यावर थोडं.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २५: खून करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला मृताचा वारसा मिळत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१, कलम ६: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला तर तिचं हुंड्याचं धन मुलांना, मुलं नसतील तर तिच्या आईवडिलांना जातं. नवऱ्याला नाही, मग त्याने मारलं असो वा नसो. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित पती किंवा पत्नी लाभार्थी ठरते खरी, पण खुनाचा आरोप असलेल्याला कंपनी चेक देऊन मोकळी होत नाही.

याचा अर्थ विमा हा हेतू नसतो असा नाही. गुन्हेगाराला कायदा माहीत असतोच असं कुठे आहे? पण विम्याचा हेतू तपासायचा असेल तर पॉलिसी आहे एवढ्याने भागत नाही. तारीख पाहा, रक्कम उत्पन्नाच्या मानाने किती, आधी फक्त तिचीच काढली की दोघांची, हप्ता कुठल्या खात्यातून गेला, प्रस्ताव अर्जावर सही तिची आहे का, नामनिर्देशन कधी बदललं. गृहकर्जाबरोबर बँकेने आपणहून चिकटवलेल्या विम्यावरून ‘कोटीचा विमा काढून मारलं’ अशा बातम्या होतात.

टॉवरखाली

सीडीआरबद्दल, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींबद्दल. त्यात कुणाला, किती वाजता, किती सेकंद आणि कुठल्या सेलमधून एवढंच असतं, संभाषण नसतं. ‘तिसऱ्या बाईला ४०० कॉल’ यात दोन सेकंदांत तुटलेले कॉलही धरलेले असू शकतात. टॉवरचं ठिकाण म्हणजे एक पट्टा, त्यात शेकडो घरं येतात. नवरा घरात होता की कोपऱ्यावरच्या दुकानात, हे टॉवर सांगत नाही. घरातल्या वायफायची नोंद, लिफ्टचा किंवा गेटचा कॅमेरा जास्त उपयोगी. पण सोसायटीचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात स्वतःवरच पुन्हा लिहितो. तोवर मागितला नाही तर गेला.

आणि प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (जुनं ६५-ब) प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने (२०२०) ते अनिवार्य ठरवलं. चॅटचे स्क्रीनशॉट नातेवाइकांनी ग्रुपवर टाकायचे आणि मूळ फोन मात्र फॉरमॅट करायचा, हा आपल्याच पायावर धोंडा.

अनघड

आणि ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’?

काळाकोट

पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. त्या कबुलीवरून एखादी वस्तू निघाली तर तेवढाच भाग येतो (साक्ष्य अधिनियम, कलम २३). म्हणजे ‘ओढणी विहिरीत टाकली’ म्हणाला आणि पंचांसमोर विहिरीतून ओढणी निघाली, तर ओढणी आणि ती तिथे असल्याचं त्याला माहीत होतं, इतकं. ‘तिच्यावर संशय होता म्हणून मारलं’ हा हेतूचा भाग बाहेर. छापून मात्र तोच येतो. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, सेल्वी निकाल, २०१०.

काडीपेटी

सगळे नवऱ्याच्याच मागे. ती काय करत होती हेही बघा की. संशयाला कारण असेल तर माणूस भडकणारच.

तळटीप

काडीपेटी, त्याला कायद्यात ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ म्हणतात आणि त्यातला ‘अचानक’ महत्त्वाचा आहे. नानावटी खटल्यात (१९६१), म्हणजे नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला मारल्याच्या खटल्यात, प्रक्षोभाचा बचाव टिकला नाही, कारण बायकोने संबंधांबद्दल सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत त्याने कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग गेला. डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालय म्हणालं. त्याआधी ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं होतं, आणि एक साप्ताहिक उघड त्याची बाजू लढवत होतं. आठवडेच्या आठवडे मनात घोळवलेला संशय या अपवादात बसत नाही. मृत बाईचं चारित्र्य हा इथे चर्चेचा विषय नाही, पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

सुई_दोरा

ज्यांच्या मुलीचं असं झालंय त्यांनी नेमकं काय करायचं? वरचं सगळं वाचून माहेरचे लोक अजूनच गोंधळतील.

पंचनामेवाला

पहिल्या दिवशी: लग्नाची तारीख ठाण्यात लेखी द्या. सात वर्षं झाली नसतील तर कलम १९४ प्रमाणे नातेवाइकाच्या विनंतीवरूनही शवविच्छेदन करावं लागतं, ती विनंती लेखी द्या आणि पोच घ्या. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर दहन करू नका, पुरलेलं नंतर बाहेर काढता येतं. ठाण्याच्या हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

जबाब देताना शेवटच्या दोन-तीन महिन्यांतल्या घटना तारखेसह सांगा: कधी फोन आला, ती काय म्हणाली, तेव्हा आणखी कोण ऐकत होतं. ‘लग्नापासून छळ करत होते’ हे वाक्य शंभर जबाबांत असतं आणि उलटतपासणीत दहा मिनिटांत कोसळतं. दिराला, लग्न होऊन गेलेल्या नणंदेला, गावाकडच्या काकांना सरसकट आरोपी करू नका. ती नावं गळायला लागली की खऱ्या आरोपीविरुद्धचा जबाबही संशयात येतो.

काळाकोट

यात दोन भर. तिने जळालेल्या अवस्थेत जबाब दिला असेल तर तो कुणी, किती वाजता घेतला आणि तेव्हा खोलीत सासरचं कुणी होतं का, हे लिहून ठेवा. डॉक्टरचा ‘शुद्धीवर आहे’ असा शेरा नसला म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही (लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२). एकापेक्षा जास्त जबाब असतील आणि पहिल्यात ‘स्टोव्हचा भडका’ असेल तर तो लपवू नका, तो का दिला गेला हेच पुढे महत्त्वाचं ठरतं.

दुसरं, दोषारोपपत्राची मुदत या कलमांत ९० दिवस. ९१ व्या दिवशी ते आलेलं नसेल आणि आरोपीने अर्ज केला तर जामीन हा त्याचा हक्क होतो, मग हेतू कितीही पक्का असो. साठाव्या दिवसापासून तपास अधिकाऱ्याला व्हिसेराचा अहवाल आला का हे लेखी विचारत राहा. अहवाल बाकी असला तरी दोषारोपपत्र मुदतीत दाखल करता येतं, अहवाल मागाहून जोडतात.